चाळीस पावलांवरून

गफ्फार दरवर्षी शबे-बरातीला सिरोंच्याला जायचा. तिसऱ्या दिवशी घुग्घुसला परत आला, की चपला काढायच्या आत दारातूनच सांगायचा, "पोरगी बरी हाय."

नवख्या माणसाला वाटावं, याची लेक तिकडे दिलेली असेल. खैरुन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. तो उभ्यानेच पाणी प्यायचा. मग ती विचारायची, "दगड?"

"जागच्या जागी."

एवढंच. मग पिशवीतून तिकडच्या लाल मिरच्यांची पुडी निघायची, खैरुन ती उन्हात टाकायची आणि त्या वर्षापुरतं ते बोलणं मिटायचं. मुलगा नदीम लहानाचा मोठा झाला, त्याची लेक आयत कॉलेजात जायला लागली, तरी दारातली ही दोन वाक्यं बदलली नाहीत.

थोरली लेक फरहत चार वर्षांची होऊन गेली. ऐंशी सालची गोष्ट. घटसर्पाने गळा धरला आणि दोन दिवसांत खेळतं पोर हातचं गेलं. गफ्फार तेव्हा सिरोंच्याला लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होता. डाव्या हाताची दोन बोटं त्याने त्या आऱ्याला दिली होती, पण लाकडाची जाण अशी, की नुसता वास घेऊन सागाचं वय सांगायचा. डेपोतले जुने लोकसुद्धा लाकूड अडलं की म्हणायचे, "गफ्फारले बोलवा."

कबर खोदणाऱ्याला माप द्यावं लागतं. ते मापही गफ्फारनेच घेतलं. लेकीच्या डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. खैरुन भिंतीला टेकून बघत होती. नदीम मांडीवर होता, दूध मागत होता. त्या सुतळीची गाठ तिला पुढे कितीदा तरी आठवली, पण ती सुतळी मग कुठे गेली, हे तिने कधी विचारलं नाही.

त्यांच्यात बायका कब्रस्तानात जात नसत. जनाजा निघाला तसं खैरुनने उंबऱ्यातूनच लेकीला निरोप दिला. तिसऱ्या दिवशी गफ्फार सकाळपासून गायब होता. दुपारी आला तो कुणाची तरी बैलगाडी घेऊन, आणि गाडीत एक दगड. त्या भागात शेतांत, नाल्यांत असे दगड पडलेले असायचे. दिसायला अगदी लाकूड. साल, वर्तुळं, गाठी, सगळं झाडाचं. हात लावला तर दगड. लोक त्यांच्यावर कुऱ्हाडी पाजळायचे, धुणी धुवायचे, गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावायचे.

"हे काय आनलं?" खैरुनने विचारलं.

"तुले आत येता येत नाई," गफ्फार म्हणाला. "बाहेरून तं दिसलं पाह्यजे. लाकडाची पाटी लावली असती तं दोन सालात उधईनं खाल्ली असती. हेही लाकूडच हाय, पन उधईच्या बापाले नाई खाता येनार."

असं म्हणून तो हसला, आणि हसता हसताच गाडीच्या चाकाला धरून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी खैरुन पाण्याला निघाली. नळाची वाट कब्रस्तानाच्या कुंपणावरून जायची. वाटेवर एक चिंच होती. चिंचेखाली घागर टेकवून तिने आत पाहिलं. कुंपणापलीकडे चाळीसएक पावलांवर दगड उभा होता. तांबूस, पोटाशी थोडा फुगीर, मधोमध एक पिवळट पट्टा आणि बाजूला फांदीचा तुटका खुंट.

खुंट खाली झुकलेला होता.

तिने पुन्हा पाहिलं. फांदी कधी जमिनीकडे फुटते का? झाड उलटं गाडलं होतं. बुंधा वर, शेंडा मातीत.

हजारो ओंडक्यांचे शेंडे-बुंधे ज्याने डोळे झाकून ओळखले, त्या माणसाला त्या दिवशी वर कोणतं आणि खाली कोणतं ते कळलं नव्हतं. खैरुन घागर उचलून घरी आली. गफ्फारने विचारलं, "दिसला?"

"दिसला."

"साजरा दिसते?"

"साजरा दिसते."

उलटा आहे, हे ती बोलली नाही. बोलली असती तर तो पुन्हा पहार घेऊन गेला असता. लेकीच्या उशाशी पुन्हा खोदलं असतं. त्यापेक्षा राहू दे उलटा. पुढची चार वर्षं ती रोज दोनदा चिंचेखाली थांबली. लांबून तो खुंट तिला हात खाली सोडून उभ्या असलेल्या पोरीसारखा दिसायचा. एवढासा तर दिसायचा दगड, चाळीस पावलांवरून, पण तिच्यापुरती फरहत तीच.

मग आरा मशीन बंद पडली. गफ्फारला घुग्घुसच्या कोळसा खाणीत टिंबर मिस्त्रीचं काम मिळालं. जमिनीच्या पोटात लाकडाचे खांब उभे करून वरचं छत थोपवायचं. चुलीपासून पांघरुणापर्यंत सगळ्या गोष्टींवर कोळशाची काळी पूड बसणाऱ्या त्या गावात त्यांचा संसार उभा राहिला. सिरोंचा लांब पडलं. खैरुन लग्नाकार्यांना दोन-तीनदा जाऊन आली, प्रत्येक वेळी चिंचेखाली उभी राहिली. पुढे गुडघे गेले आणि जाणं सुटलं. तेव्हापासून गफ्फार जायचा आणि खबर आणायचा.

तो गफ्फार गेल्या थंडीत गेला. दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही.

खैरुन इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही. त्या दिवसांतच शबे-बरात, आपल्या माणसांच्या कबरींवर जायची रात्र, आली आणि गेली. पहिल्यांदाच त्या वर्षी सिरोंच्याला कुणी गेलं नाही. नदीम म्हणाला होता, "अम्मी, मी जाऊन येतो." पण त्याची शिफ्ट बदलली आणि राहून गेलं. खैरुनला एकच गोष्ट खात होती. आता खबर कोण आणणार? आणि नदीम गेला तरी त्याला काय दिसणार? तो तेव्हा अंगावर पिणारा होता. फरहतची जागा गफ्फारला आतून ठाऊक होती आणि तिला बाहेरून. त्यातला एक गेला होता.

इद्दत सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मले सिरोंच्याले जायचं हाय."

"या उन्हात? अम्मी, रस्ता कसा हाय मालूम हाय ना तुले? हाडं खिळखिळी होतीन."

"हाडं माह्यीच हाय ना. तू काऊन मोजून राह्यला?"

नदीमने हात टेकले आणि आयतला सोबत दिलं. आयत वीस वर्षांची, चंद्रपूरला बीएस्सी शिकणारी. तिने दादीच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं टाकली, कानात इअरफोन घातले आणि आलापल्लीच्या पुढे खड्ड्यांचा रस्ता सुरू झाला तसे काढून ठेवले. "दादी, हा रस्ता हाय का नांगरलेलं शेत?" असं तिने सिरोंचा येईपर्यंत चार वेळा विचारलं.

उतरल्या त्या नीलाबाईकडे. नीलाबाई तेलुगू घरची, खैरुनची जुनी शेजारीण. दोघी एका नळावर भांडलेल्या, एका चुलीवर जेवलेल्या. नीलाबाईने दारातच तिला नखशिखांत पाहिलं.

"अय्यो खैरुन, किती म्हातारी झाली वं तू!"

"अन् तू? आरसा फुटला काय तुह्या घरचा?"

मग दोघी गळ्यात पडून खूप वेळ रडल्या. गफ्फारसाठी, आणि बोलायच्या राहिलेल्या तीस वर्षांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, नीलाबाई त्यांना घेऊन निघाली. वाटेत अंगणाअंगणांत मिरच्या वाळत होत्या, आयत शिंकून बेजार झाली. चिंच होती तिथेच होती. काट्याच्या कुंपणाच्या जागी आता सिमेंटची भिंत होती, पण चिंचेसमोर लोखंडी गजांचं फाटक होतं, त्यातून आत दिसत होतं. खैरुन नेहमीच्या जागी उभी राहिली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला.

आत लाल मुरूम पसरला होता. सपाट. भिंतीकडेला पाचसात नव्या कबरी, एक बाभूळ. दगड नव्हता.

"दादी, कोणता?" आयत म्हणाली.

खैरुनने चिंचेच्या खोडाला हात लावला. जागा हीच. दोन पावलं इकडे सरकली, दोन पावलं तिकडे. उगाच फाटकाचे गज मोजल्यासारखं केलं.

"पुराच्या साली गेलं ना सारं," नीलाबाई सहज म्हणाली. "चार वर्सं होतीन आता. गोदावरीचं पानी, पाह्य, या फांदीपर्यंत होतं. आठ दिवस उतरलं नाई. मंग चिखल काढला, मुरूम टाकला, सारखं केलं. कोनाची कबर कुठी, काई नाई राह्यलं." मग तिच्या लक्षात आलं. "गफ्फारभाऊनं नाई सांगतलं तुले? तो तं येऊन पाहून गेला."

आयतने दादीकडे पाहिलं.

"सांगतलं ना," खैरुन म्हणाली. "काऊन नाई सांगतलं? मीच इसरली. वय झालं."

पण तिला आठवत होतं. पुराच्या बातम्या टीव्हीवर पाहून ती त्या वर्षी काळजीत होती. गफ्फार शबे-बरातीला जाऊन आला तेव्हा तिने पाण्याच्या तांब्याआधी विचारलं होतं, "कब्रस्तानात पानी नाई ना शिरलं?" आणि तो म्हणाला होता, "नाई. ते उंचावर हाय ना." नेहमीची दोन वाक्यं सोडून त्या दिवशी तो बरंच बोलला होता. दगडावर साळुंकी बसली होती म्हणाला. पावसाने दगड धुऊन निघाला, आता आणखी लाल दिसतो म्हणाला. तिला किती बरं वाटलं होतं. तो एवढं बोलत नाही, आज बोलतोय, म्हणजे मनापासून पाहून आलाय, असंच तिला वाटलं होतं.

पुरानंतर तीनदा तो आला होता. तीनदा दारात उभं राहून त्याने सांगितलं होतं, जागच्या जागी.

"दगड कुठी गेले?" खैरुनने विचारलं.

"लाकडाचे दगड? ते सारे उद्यानात. दगडी झाडायचं उद्यान केलं ना सरकारनं." नीलाबाईला विषय मिळाला. "माह्या घरचा धुन्याचा दगडही नेला. वीस वर्सं त्याच्यावर लुगडे आपटले मी. ते सायब म्हनते, बाई, हे झाड पंधरा कोटी वर्साचं हाय. मी म्हटलं, असन बापा, पन आता माह्ये लुगडे कुठी आपटू?"

आयत हसली. खैरुनही हसली, आणि म्हणाली, "मले तिथी ने."

ऑटो गावाबाहेर निघाला तसं जंगल मागे पडत गेलं. मग उघडा माळ लागला. खडक, तुरळक बोरीची झुडपं आणि धगधगती माती. इतक्या सागवानाच्या मुलखात हा एवढा तुकडा कुणीतरी वाळवंटातून उचलून आणल्यासारखा वाटत होता. तारेचं कुंपण, फाटक, फाटकापाशी कडुनिंब. आत पत्र्यांच्या शेडखाली आणि उघड्यावर, सिमेंटच्या ओट्यांवर झाडं उभी होती. पान नाही, सावली नाही. काही ओंडके आडवे, काही उभे, प्रत्येकापुढे नंबराची पाटी.

राखणदार कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता. साठीचा, खाकी शर्ट, डोक्याला गमछा. "या जी, या. मी मुखरू," तो उठत म्हणाला. "पाय जपून टाका, माय. हात लावाची मनाई हाय, बाकी पाहाले मनाई नाई."

"एवढी झाडं एकटेच सांभाळता, भाऊ?" आयतने विचारलं.

"सांभाळाचं काय त्यात? पानी मांगत नाई, पाला पाडत नाई, अन् चोराले उचलत नाई. माह्यावानी आळशी मान्साले देवानं बरी नोकरी देल्ली."

खैरुन आत शिरली. तांबूस दगड, पोटाशी फुगीर, पिवळा पट्टा, खाली झुकलेला खुंट. ती एकेका झाडापुढे उभी राहून वरपासून खालपर्यंत पाहू लागली. तांबूस तर पन्नास होते. पट्टे जागोजाग होते. खुंटही होते, पण खाली झुकलेला एक नव्हता. आयत फोन काढून प्रत्येकाचा फोटो घेत होती, "हा, दादी? मग हा?" असं विचारत होती, आणि खैरुन मान हलवत होती. तिच्या मनात भीती शिरली. एवढ्या जवळून तिने तो दगड जन्मात पाहिला नव्हता. ज्याला पंचेचाळीस वर्षं आपली पोर समजत आलो, तो समोर येऊनही ओळखू आला नाही तर?

दोन फेऱ्या झाल्या. तिचे ओठ सुकले. मुखरूने तिला निंबाखाली बसवून माठातलं पाणी दिलं.

"काही खास पाहाचं होतं काय, माय?"

"एक दगड होता. आमचा. त्याची फांदी खाली होती."

"खाली?" मुखरू हसला. "इथी तसं नाई सापडनार. बाहेरून मोठे सायब आले होते, झाडायचे जानकार. गावातून दगड आले ते कसेबी होते, कोनी आडवा, कोनी उलटा. सायबायनं एकेक तपासलं. मूळ खाली, शेंडा वर, जसं झाड जिवंतपनी उभं होतं तसं. एकही उलटं नाई ठेवलं."

खैरुनने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

ती उठली. निंबाच्या बुंध्यापाशी गेली, पाठ टेकवली आणि तिथूनच समोर पाहिलं. जवळ जायची गरज नव्हती. जवळून ती त्याला ओळखतच नव्हती. तिने मनातल्या मनात खुंट फिरवला, पट्टा फिरवला, फुगीर भाग खालून वर नेला, आणि उघड्यावरच्या दुसऱ्या रांगेत, कोपऱ्यातल्या ओट्यावर तिची नजर थांबली. खुंट वर होता. कुणी कडेवर घ्यावं म्हणून पोरीने हात वर करावा, तसा.

"तो," ती म्हणाली.

आयतने मागे वळून पाहिलं. मुखरूनेही पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला. तो खैरुनकडे निरखून बघू लागला.

"माय, तुम्ही त्या दोन बोटं नसलेल्या म्हाताऱ्याच्या घरच्या तं नाई?"

खैरुनने मानेनेच हो म्हटलं.

"ते नाई आले यंदा?"

"नाई," ती म्हणाली. "आता नाई येनार."

मुखरूने डोक्याचा गमछा काढून हातात घेतला.

"तो दगड मीच आनला जी," तो शेवटी म्हणाला. "पुरानंतर चिखलात भिताडाकडे पडला होता. लोकं बोलले, घेऊन जा, तुमच्यातला हाय. टॅक्टरवर टाकला अन् आनला. मले का मालूम माय, का तो कोनाच्या उशाचा हाय? पहिल्या साली ते आले तं मले म्हने, हा कबरीवरचा हाय. मी घाबरलो. म्हटलं, अर्ज द्या, भांडा, तुमचा हक हाय, मी गवाही देतो. ते म्हने, नेऊन लावू कुठी? जागाच नाई राह्यली."

"अजून काय म्हनले?"

मुखरू अडखळला. "खूप वेळ पाहत बसले. मंग आपल्याच कपाळावर हात मारून घेतला अन् हसले. मी म्हटलं, काय झालं, बाबा? तं म्हने, सारी जिंदगी लाकूड कापलं मी, अन् हा उलटा गाडून बसलो होतो. आज कळलं. म्हने, घरवाली रोज पाहे याले. तिले पहिल्याच दिवशी दिसलं असन. इतकी वर्सं एका शब्दानं नाई बोलली." त्याने गमछ्याने तोंड पुसलं. "मंग लय रडले. जातानी हात जोडून सांगून गेले, माह्या घरून कोनी आलं तं हे सांगू नोको. मी सांगून बसलो, माय."

खैरुन निंबाला धरून उभी होती. आयतने तिचा दंड धरला. "दादी, चल ना जवळ. इथे कोणी अडवत नाही."

ते तिच्या ध्यानात आलंच नव्हतं. इथे कुंपण तिच्या मागे होतं.

चाळीस पावलं. गुडघे कुरकुरत होते, खडे पायात टोचत होते. दगड पावलागणिक मोठा होत गेला. चिंचेखालून तो एवढासा दिसायचा, वीतभर, दोन वीत. आता ओट्यावर चढून ती त्याच्याजवळ उभी राहिली, तर तो तिच्या कमरेला लागला. वरच्या भागावर, फांदीच्या खुंटाच्याही वर, मातीचा जुना डाग होता, काळपट, रेघ ओढल्यासारखा. तेवढा भाग गफ्फारने जमिनीत गाडला होता. तिने तो कधी पाहिलाच नव्हता. आज सगळा दगड वर होता.

तिने हात पुढे केला आणि थबकून मुखरूकडे पाहिलं. मुखरूने पाठ फिरवली. "पान्याचा माठ भरून येतो," असं म्हणून तो निघून गेला.

खैरुनने दगडाच्या डोक्यावर तळवा ठेवला. ऊन लागून तो तापला होता, ताप चढलेल्या अंगासारखा. तळवा जिथे टेकला ती उंची तिच्या हाताला ठाऊक होती. चुलीपुढे उभी असताना फरहत येऊन बिलगायची, तेव्हा न बघता हात जिथे पडायचा, तिथेच तो पडला होता. बरोबर तिथे. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही.

तेव्हा तिला ती सुतळी कुठे गेली ते कळलं. माप देऊन झाल्यावर गफ्फारने ती खिशात ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तो नाल्यानाल्याने हिंडला, तो ती सुतळी घेऊन. दगडाला लावून बघत. हा लांब, हा आखूड. हा बरोबर.

वर-खाली चुकला. लांबी नाही चुकला.

ती तिथेच ओट्याच्या कडेला बसली. पदर तोंडात धरला तरी आवाज बाहेर आला. आयतला काय करावं सुचेना, ती दादीच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि स्वतःही रडू लागली, जिला कधी पाहिलं नाही त्या फुफीसाठी, अब्बूच्या बहिणीसाठी. खैरुनला एकाच वेळी दोघांचा राग येत होता, त्याचा आणि स्वतःचा. तीन वर्षं हा माणूस एकटा इथे येऊन बसला. आपल्याला म्हणाला असता, तर दोघं मिळून रडलो असतो. आणि आपण तरी पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, अहो, उलटा झाला हो, तर तेव्हाच दोघं मिळून रडलो असतो. पण त्या दिवसांत दोघांनी एकमेकांना इतकं सांभाळलं, की लेकीसाठी एकत्र रडायचं राहूनच गेलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, हात उचलून दुवा मागितली. उठताना आयतने फोन काढला. "अब्बूला फोटो पाठवू?"

"नोको."

"काऊन, दादी?"

"तो अर्ज करीन, भांडन. पेपरात देईन. मंग लोकं इचारतीन, कबर कुठी हाय. काय सांगशीन?" तिने दगडाकडे पाहिलं. "तिचे अब्बा नाई भांडले. मीही नाई भांडत."

फाटकापाशी मुखरू उभा होता. "माय, पुढच्या वर्सी याल ना?" त्याने विचारलं.

"गुडघे आनतीन तं येईन."

"नाई जमलं तं मी हाय. पावसाळ्यात शेवाळ येते त्याच्यावर, मी पुसून घेतो. बाकीच्याले नाई पुसत." त्याने खाली पाहिलं. "बाबांनी शिकवलं होतं तसं. ओल्या फडक्यानं, वरून खाली."

परतीचा प्रवास लांब होता. आयत दादीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. घुग्घुसला पोचल्या तेव्हा दुपारची शिफ्ट सुटली होती. मोटरसायकलींवर काळवंडलेले चेहरे घराकडे निघाले होते, आणि कोळशाच्या ट्रकांमागे धुळीचा लोट लागला होता. घराच्या अलीकडच्या वळणावर कब्रस्तानाची भिंत लागते. खैरुनने ऑटो थांबवायला सांगितला.

ती उतरली, भिंतीपाशी गेली. इथली भिंत कमरेएवढीच. आत, तिसऱ्या रांगेत, गफ्फारची कबर. माती अजून बसली नव्हती. उशाला नदीमने तात्पुरती लोखंडी पट्टी रोवली होती, तीही कोळशाच्या धुळीने काळी पडली होती.

आयत मागे येऊन उभी राहिली. तिला वाटलं, दादी आता बोलेल. सगळं बोलेल. सुतळीचं, पुराचं, मुखरूचं, खोट्या साळुंकीचं. खैरुनच्या मनातही ते सगळं ओठांपर्यंत आलं होतं. एकदा तरी सांगावं, की मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. आणि सांगावं, की माप बरोबर होतं.

एक ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती थांबली. मग भिंतीवर दोन्ही हात टेकवून, दारात उभं राहून सांगावं तसं म्हणाली, "पोरगी बरी हाय."

आणि जरा थांबून, "दगड जागच्या जागी."